कालचा सूर्य, आजचा सूर्य

सप्टेंबर १८९३ मधली शिकागोची सर्वधर्म परिषद म्हटलं की आपल्याला एकच चित्र आठवतं. भगवा फेटा, ‘अमेरिकेतील माझ्या बंधू-भगिनींनो’ आणि टाळ्यांचा कडकडाट. ते भाषण ११ तारखेचं. त्यात विवेकानंदांनी शिवमहिम्न स्तोत्रातली एक ओळ सांगितली होती. नद्या निघतात वेगवेगळ्या ठिकाणी, पण मिळतात एकाच समुद्राला. तशी माणसंही आपापल्या आवडीच्या सरळ-वाकड्या वाटांनी चालत अखेर तुझ्यापाशीच येतात, असा तिचा भाव. आपल्या कानांना ही ओळ इतकी सवयीची आहे की ती पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल याची कल्पनाच करता येत नाही.

त्याच परिषदेत २३ तारखेला आणखी एक निबंध वाचला गेला. तो लिहिणारे हेन्री जेसप हे सीरियात काम करणारे प्रेस्बिटेरियन मिशनरी. इंग्रजी बोलणाऱ्या राष्ट्रांवर सोपवलेलं धर्मकार्य असा त्यांचा विषय. त्या काळाला आणि त्या साम्राज्याला शोभेलसाच. पण निबंध संपवताना त्यांनी आदल्या वर्षी आजच्या इस्रायलमधल्या अक्का शहराजवळ वारलेल्या एका इराणी सत्पुरुषाचे उद्गार दिले. ते सत्पुरुष म्हणजे बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्लाह. अमेरिकेत त्यांचं नाव पहिल्यांदा जाहीरपणे घेतलं गेलं ते या निबंधात, असं बहाई लोक मानतात. ते एका मिशनऱ्याच्या तोंडून व्हावं, हा योगही गमतीचाच.

ते उद्गार मुळात टिपले होते केंब्रिजचे फारसीचे अभ्यासक एडवर्ड ब्राऊन यांनी. एप्रिल १८९० मध्ये ते अक्क्याबाहेरच्या बहजी इथे बहाउल्लाह यांना भेटले. समोरचा माणूस तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षं कैद आणि हद्दपारी भोगत आला होता. तेहरानची अंधारकोठडी, मग बगदाद, इस्तंबूल, एदिर्ने, आणि १८६८ पासून ऑटोमन साम्राज्यानं कैद्यांसाठी राखलेलं अक्का. आम्हाला जगाचं भलं हवं आहे, असं ते ब्राऊन यांना म्हणाले. सगळी राष्ट्रं श्रद्धेनं एक व्हावीत, माणसांनी भावाभावांसारखं राहावं, धर्माधर्मांतला वेगळेपणा सरावा, वंशभेद पुसले जावेत; यात वाईट ते काय?

परिषदेत बसलेल्या श्रोत्यांना दोन्ही भाषणांचा सूर एकच वाटला असणार. पण त्या नद्यांच्या चित्रात कुठल्याच नदीला थांबावं लागत नाही. गंगेनं गंगाच राहायचं, नाईलनं नाईल. समुद्र सगळ्यांचा आहे आणि तो दूर आहे. बहाउल्लाह यांच्या वाक्यात मात्र ‘वेगळेपणा सरावा’ असं आहे. म्हणजे कुणाला तरी काहीतरी सोडावं लागणार, निदान कशावर तरी नव्यानं विचार करावा लागणार. बहाई विचाराकडे मी ओढली गेले ती या फरकामुळे.

खरं सांगायचं तर ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे वाक्य मला फारसं आवडत नाही. ते बहुधा वाद मिटवण्यासाठी म्हटलं जातं, आणि म्हणणाऱ्यानं स्वतःच्या धर्माचासुद्धा एखादा ग्रंथ नीट वाचलेला असतो असं नाही. धर्म एकच सांगत नाहीत. पुनर्जन्म आहे की नाही, ईश्वर माणसाच्या रूपात येतो की नाही, मूर्तीपुढे हात जोडावेत की मूर्ती फोडावी, अशा मूलभूत गोष्टींवर ते एकमेकांच्या अगदी उलट बोलतात. हा विरोध दिसत असूनही जो एकत्वाची भाषा बोलतो, त्यानं तो विरोध कुठे ठेवला हे विचारलं पाहिजे. बहाई धर्मानं तो काळात ठेवला आहे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ईश्वर एक, माणूसजात एक, आणि धर्मही एकच. पण तो एका दमात सांगून संपलेला नाही. मधूनमधून एक शिक्षक येतो, त्या काळाला झेपेल तेवढं सांगतो आणि पुढच्याची वाट मोकळी ठेवून जातो. अब्राहम, मोझेस, कृष्ण, झरथुष्ट्र, बुद्ध, येशू, मुहंमद; मग १८४४ मध्ये इराणमधल्या शिराझमध्ये प्रकटलेले बाब आणि त्यांच्यानंतर बहाउल्लाह. ही यादी पूर्ण आहे असा दावा नाही. ज्यांची नावंही उरली नाहीत असे पुष्कळ होऊन गेले असं ते मानतात. शोगी एफेंदींनी (बहाउल्लाह यांचे पणतू, १९२१ ते १९५७ या काळातले या धर्माचे पालक) तर स्पष्टच लिहून ठेवलं की धार्मिक सत्य निरपेक्ष नसून सापेक्ष असतं आणि ईश्वरी प्रकटीकरण कधी संपत नाही. धर्माचा प्रमुख हे लिहितो, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं. सापेक्षतेची भाषा आपण सहसा धर्माच्या टीकाकारांकडून ऐकतो.

या विचाराचा पाया ज्या ग्रंथात आहे तो किताब-ए-ईकान १८६१ च्या सुमाराला बगदादमध्ये लिहिला गेला, दोन दिवस आणि दोन रात्रींत, असं सांगतात. निमित्त फार घरगुती होतं. बाब यांचे थोरले मामा शंका घेऊन आले होते. बाब यांना १८५० मध्ये तब्रीझमध्ये गोळ्या घालून मारलं गेलं होतं. ज्याची शतकानुशतकं वाट पाहिली तो आपला स्वतःचा भाचा? मग तारे का गळून पडले नाहीत, सूर्य का काळवंडला नाही, भाकितांत सांगितलेलं काहीच कसं दिसलं नाही? मामांचा हा प्रश्न मला कुठल्याही तत्त्वज्ञाच्या प्रश्नापेक्षा खरा वाटतो. अंगाखांद्यावर खेळलेल्या पोराला प्रेषित मानायचं म्हणजे चेष्टा नाही.

उत्तरात बहाउल्लाह भाकितांची भाषा रूपकांची आहे असं सांगतात आणि मग एक प्रश्न लावून धरतात. मोझेसला, येशूला, मुहंमदांना, प्रत्येकाला त्याची वाट पाहणाऱ्यांनीच का नाकारलं? नाकारणाऱ्यांत धर्मपंडित सगळ्यांत पुढे का होते? याच ग्रंथात सूर्याचा दाखला येतो. आज उगवलेला सूर्य म्हणाला, की मी कालचाच सूर्य आहे, तर ते खरं. आणि दिवसांच्या क्रमाकडे बघून म्हणाला, की मी कालचा नव्हे, तर तेही खरंच. प्रेषितांचं तसंच आहे. त्यांच्यातून पडणारा उजेड एक, दिवस निराळे. येशू आणि मुहंमद यांच्यात मोठा कोण असं विचारणं म्हणजे मंगळवारचा सूर्य मोठा की बुधवारचा असं विचारणं.

आपल्याकडच्या वाचकाला इथे लगेच ‘यदा यदा हि धर्मस्य’ आठवणार, आणि भारतातले बहाईसुद्धा इथूनच बोलायला सुरुवात करतात. ग्लानी आली की तो येतो, युगे युगे येतो. काळाची ही कल्पना आपल्याला मुळीच परकी नाही. परका आहे तो नकाशा. आपले अवतार युगं ओलांडून येतात, पण सीमा ओलांडून जात नाहीत. त्यातला एक गालिलात जन्मला आणि एक अरबस्तानात, हे ऐकलं की ‘संभवामि’ म्हणणारे आपण जरा चुळबुळतो. बरं, आपल्या संतांनीही नवा धर्म काढतो असं कधी म्हटलं नाही. जुनीच वाट झाडून साफ करतो, असंच ते म्हणत आले. बहाउल्लाह वाट झाडून थांबत नाहीत. रस्ता पुढे गेला आहे आणि तुम्ही मागच्या मुक्कामालाच गाव समजून बसला आहात, असं ते सांगतात.

या सगळ्या विचारातली जी वाक्यं जगभर सर्वाधिक उद्धृत होतात, त्यांतली काही मुंबईच्या पारशी पंचायतीशी जोडलेल्या एका माणसाला लिहिलेल्या पत्रात आहेत, हे कळलं तेव्हा मला फार मौज वाटली. माणेकजी लिमजी हातारिया हे त्यांचं नाव. इराणमधल्या झरथुष्ट्री लोकांची दैना झाली होती. जिझिया कर, अंगावरच्या कपड्यांपासून घराच्या उंचीपर्यंत बंधनं, उठता-बसता अपमान. त्यांच्यासाठी काहीतरी करावं म्हणून मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजींना प्रतिनिधी म्हणून तिकडे पाठवलं. त्यांनी शाळा काढल्या, शहाच्या दरबारी खेटे घातले, आणि १८८२ मध्ये तो कर रद्द झाला त्यात त्यांच्या चिकाटीचा मोठा वाटा होता. माणूस व्यवहारी होता, पण धर्माच्या तुलनेची त्याला विलक्षण ओढ होती. बगदादमध्ये बहाउल्लाह यांच्याशी ओळख झाली आणि पुढे पत्रं सुरू झाली. माणेकजींनी अट घातली की उत्तर अरबी शब्द टाळून शुद्ध फारसीत असावं. बहाउल्लाह यांनी ती मानली.

त्या उत्तरात ते लिहितात की सर्वज्ञ वैद्याचं बोट माणसाच्या नाडीवर आहे. प्रत्येक युगाचं दुखणं वेगळं असतं, म्हणून आज जे औषध लागू पडतं ते पुढच्या काळाला चालणार नाही. तुम्ही ज्या काळात राहता त्याच्या गरजांची काळजी करा. आणि त्याच पत्रात पुढे: एकतेचा मंडप उभारला आहे, एकमेकांना परके समजू नका; तुम्ही एकाच झाडाची फळं आहात, एकाच फांदीची पानं.

माणेकजींचं समाधान झालं नाही. त्यांनी मुद्देसूद प्रश्न विचारले होते. अमुक धर्म असं म्हणतो, तमुक तसं, परक्याला आपल्यात घ्यावं की नाही याची प्रत्येकाची रीत वेगळी, तर यातलं बरोबर कोणतं? त्यांना मुद्देसूद उत्तर हवं होतं. पुढे माणेकजींचे चिटणीस, बहाई विद्वान मिर्झा अबुल-फझ्ल, यांच्या नावानं दुसरं पत्र आलं आणि त्यात एकेका प्रश्नाचा परामर्श घेतला गेला. मला माणेकजींची ही नाराजी फार जवळची वाटते. झाड आणि पानं ठीक आहे, पण माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं काय?

कारण एकत्व मान्य करताना प्रत्येकाच्या पदरात बिल पडतंच. मुसलमानाला मानावं लागतं की ज्यांना कुराण प्रेषितांवरची मोहोर म्हणतं त्या मुहंमदांनंतरही कुणी येऊ शकतं. ख्रिस्ती माणसाला सांगितलं जातं की ज्याच्या पुनरागमनाची तू वाट पाहतोस तो आत्म्यानं येऊन गेलासुद्धा. बहाउल्लाह यांनी नववे पायस पोप यांना पत्र लिहून नेमकं हेच कळवलं होतं. हिंदूला कृष्ण मिळतो, पण विष्णूचा पूर्णावतार म्हणून मिळत नाही. बहाई विचारात ईश्वर देह धारण करत नाही. अवतार हा स्वच्छ आरसा असतो, त्यात सूर्य दिसतो, पण सूर्य आरशात उतरत नाही. पुनर्जन्मही नाही. बुद्धाच्या अनुयायांना तर सगळ्यांत अवघड गोष्ट सांगितली जाते. बुद्धानं एका ईश्वराचीच शिकवण दिली होती, ती पुढे विसरली गेली, असं बहाउल्लाह यांचे पुत्र आणि वारस अब्दुल-बहा यांनी म्हटलं आहे. हे मला पटत नाही. ईश्वराच्या प्रश्नाला बाजूला ठेवूनही करुणेचा आणि मुक्तीचा मार्ग सांगता येतो, हेच तर बुद्धाचं वेगळेपण. ते काढून घेऊन मग त्याला पंगतीत बसवणं म्हणजे पाहुण्याला घरात घेताना त्याचं नाव बदलण्यासारखं आहे.

माझ्या ओळखीच्या एक बहाई आंटी आहेत. घराणं मूळचं इराणमधल्या यझ्दचं, झरथुष्ट्री. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यझ्दमधल्या बऱ्याच झरथुष्ट्रींनी आणि हमदानमधल्या बऱ्याच ज्यूंनी बहाई धर्म स्वीकारला, तेव्हाच त्यांचे पणजोबाही बहाई झाले. मी एकदा त्यांना विचारलं, की झरथुष्ट्राला मानणाऱ्याला बहाउल्लाह यांना मानणं किती जड गेलं असेल. त्या म्हणाल्या, “अगं, बहाउल्लाह यांना मानणं सोपं. पणजोबांना मुहंमदांना मानावं लागलं!”

मला हे तोवर सुचलंच नव्हतं. ज्यांच्या नावानं कर वसूल झाला, ज्यांच्या नावानं अपमान झाले, ते मुहंमदही सच्चे प्रेषित होते, असं कबूल केल्याशिवाय त्या माणसाला नव्या धर्मात पाऊल टाकता येत नव्हतं. ज्यूंना येशूही मान्य करावा लागला आणि मुहंमदही. धर्मांतर म्हणजे जुन्या शत्रूच्या विरोधात नवा आधार शोधणं, असं इतिहासात पुष्कळदा दिसतं. इथे मात्र नव्या घरात शिरताना शत्रूच्या प्रेषितालाही सलाम करावा लागत होता. तात्त्विक पातळीवर एकत्वाचं कौतुक करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या यझ्दी शेतकऱ्या-व्यापाऱ्यांनी काय केलं हे कळायला वेळ लागतो.

आणि इराणमध्ये या काळाच्या क्रमाची दुसरी बाजूही दिसते. १९७९ नंतरच्या इराणी राज्यघटनेनं झरथुष्ट्री, ज्यू आणि ख्रिस्ती यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. देशातल्या बिगर-मुस्लिमांत बहाईंचा गट सगळ्यांत मोठा मानला जातो, पण त्यांचं नाव त्या कलमात नाही. आधी आलेल्यांना जागा आहे, नंतर आलेल्यांना नाही. शिराझमधलं बाब यांचं घर त्याच वर्षी पाडलं गेलं. पुढच्या काही वर्षांत दोनशेहून अधिक बहाईंना प्राण गमवावे लागले. १८ जून १९८३ रोजी शिराझमध्ये १० बायकांना फाशी दिलं गेलं. त्यांच्यातल्या सर्वांत लहान मुलीचं वय होतं १७, आणि तिच्यावरच्या आरोपांत मुलांचे धर्मवर्ग घेतल्याचाही समावेश होता. विद्यापीठांची दारं बंद झाली तेव्हा बहाईंनी १९८७ मध्ये घराघरांत स्वतःची उच्च शिक्षणाची संस्था सुरू केली. मान्यता नाही, इमारत नाही, अधूनमधून धाडी. तरी ती चालू आहे.

याउलट दिल्लीचं कमळ मंदिर. तिथे रांग लागते ती बहुतेक इमारत बघायला. १९८६ मध्ये पूर्ण झालेली, फरिबोर्झ साहबा या इराणी वास्तुविशारदाची रचना, संगमरवरानं मढवलेल्या २७ पाकळ्या, नऊ दारं. नऊ बाजू जगातल्या प्रत्येक बहाई उपासना मंदिराला असतातच. आत मूर्ती नाही, व्यासपीठ नाही, प्रवचन नाही, वाद्य नाही. माणसाचा आवाज तेवढा चालतो. मी गेले तेव्हा प्रार्थनेची वेळ होती. एकानं फारसीत काहीतरी गायलं, मग गीतेतले श्लोक, मग बायबलचा एक उतारा, मग कुराण. माझ्या शेजारी एक आजोबा गीता संपल्यावर उठू लागले, पण त्यांच्या नातीनं शर्टाची बाही ओढून त्यांना खाली बसवलं.

ऐकताना ते सगळं एकमेकांत सहज मिसळलं. बाहेर आल्यावर मला वाटलं, मिसळणारच. वाचली गेली ती सगळी स्तुती, शरणागती, करुणा. कुणी वारसाहक्काचे नियम वाचले नव्हते, कुणाला किती फटके मारावेत हे वाचलं नव्हतं, कुणी कुणाच्या हातचं खावं तेही नाही.

ही निवड अपघाती नाही. अब्दुल-बहा धर्माचे दोन भाग करत. एक टिकणारा: सत्य, न्याय, प्रेम, ईश्वराची ओळख. दुसरा काळाप्रमाणे बदलणारा: लग्न, शिक्षा, व्यवहार, आहार. मोझेसच्या कायद्यातल्या कठोर शिक्षांचं कारण ते सांगत की ती माणसं वाळवंटात होती, तिथे तुरुंग कुठले? पहिल्या भागात सगळे धर्म एक आहेत, दुसऱ्यात वेगळे, आणि भांडणं होतात ती दुसऱ्यावरून. हे ऐकायला इतकं स्वच्छ आहे की संशय यावा.

माझी अडचण इथे आहे. माणूस त्या टिकणाऱ्या भागात राहतच नाही. खरं बोलावं, दया करावी हे नास्तिकालाही मान्य असतं. तेवढ्यानं कुणी कुठल्या धर्माचा होत नाही. माझी प्रार्थना ज्या भाषेत आहे, ज्या दिवशी मी उपास करते, मेलेल्या माणसाला निरोप द्यायची जी रीत मला ठाऊक आहे, त्या सगळ्या ‘बदलणाऱ्या’ भागात माझा धर्म भरलेला आहे. आजीनं तो माझ्या हातात दिला तो याच रूपात. त्याला काळाचं सालपट म्हणून बाजूला काढायला गेलं तर आत माझ्यापुरतं काय उरेल, मला सांगता येत नाही. आणि गंमत अशी की बहाईंनासुद्धा नुसत्या टिकणाऱ्या भागावर राहता आलेलं नाही. त्यांनाही पंचांग लागलंच, १९ दिवसांचे १९ महिने आणि वर मोजके जादा दिवस असलेलं. मार्चमधले १९ दिवसांचे उपास आहेत, रोजची नेमलेली प्रार्थना आहे, दर महिन्याची सभा आहे. मला हा विसंगतीचा दोष वाटत नाही. उलट यामुळे त्यांच्याबद्दलचा विश्वास वाढला. ज्या एकत्वाला उपास-तापास, सण-वार काहीच नाही, ते परिषदेच्या ठरावातच राहतं.

दुसरी अडचण जास्त टोचणारी आहे. बहाउल्लाह यांच्यानंतर अब्दुल-बहा, मग शोगी एफेंदी आणि १९६३ पासून हैफातलं निवडून आलेलं नऊ जणांचं विश्व न्याय मंदिर (ही त्यांची सर्वोच्च संस्था), अशी अधिकाराची सलग परंपरा त्यांनी राखली. प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी भांडलं. बहाउल्लाह यांचे सावत्र भाऊ, मग अब्दुल-बहांचे सावत्र भाऊ. तरी धर्म फुटून मोठे पंथ झाले नाहीत, याचा बहाईंना रास्त अभिमान आहे. पण जो स्वतःला बहाई म्हणवत हा अधिकार नाकारतो त्याला समाजाबाहेर काढतात आणि बाकीच्यांनी त्याच्याशी संबंध ठेवू नये अशी अपेक्षा असते. नुसता धर्म सोडून जाणाऱ्याला हे लागू नाही. त्याच्याशी मैत्री चालते. सगळ्या धर्मांच्या लोकांशी स्नेहानं वागा असं सांगणाऱ्या घरात ही एक खोली कुलूपबंद आहे. फुटीची भीती समजते, शतकानुशतकांचा शिया-सुन्नी वाद ज्यांनी जवळून पाहिला त्यांना ती असणारच. तरीही ते कुलूप मला खटकतं, आणि आंटींना ते मी सांगितलं आहे. त्यांनी ते हसून सोडून दिलं नाही. बराच वेळ वाद घातला.

सगळ्यांत मोठा आक्षेप मात्र इतरांनी आधीच घेतलेला आहे. क्रमानं शिक्षक येतात हे मान्य केलं, की शेवटचा येतो तो आपोआप सगळ्यांत वरच्या इयत्तेचा ठरतो. बाकीच्यांना मान देता देता त्यांना खालच्या बाकावर बसवायची ही युक्ती तर नाही? इस्लामनंही ज्यू-ख्रिस्ती परंपरेला हेच सांगितलं होतं. ख्रिस्ती धर्मानंही जुन्या कराराला. यात नवं काय?

नवं असेल तर ते एका वाक्यात आहे. १८७३ च्या सुमाराला अक्क्यात पुऱ्या झालेल्या किताब-ए-अकदस या नियमग्रंथात बहाउल्लाह सांगतात की एक हजार वर्षं पूर्ण व्हायच्या आत कुणी नव्या ईश्वरी प्रकटीकरणाचा दावा केला तर मानू नका. पहिल्यांदा वाचताना हे वाक्य कुंपणासारखं वाटतं. पण ते उलटं वाचून बघा: हजार वर्षांनंतर मी शेवटचा नसेन. स्वतःच्या कायद्याच्या पुस्तकात स्वतःची मुदत लिहून ठेवणारा धर्मसंस्थापक मला दुसरा आठवत नाही. खालच्या बाकाची गोष्ट मग थोडी बदलते, कारण त्या बाकावर उद्या आपणही बसणार आहोत हे त्यांनी आधीच मान्य केलेलं असतं. अर्थात हजार वर्षं ही मोठी सवलत आहे. आज ते कबूल करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागणार नाही.

मी हेच आंटींना म्हटलं. त्या दिवशी त्यांच्या नातवाचं पंधरावं वर्ष सरत आलं होतं. पंधराव्या वर्षी बहाई घरातल्या मुलानं आपण बहाई आहोत की नाही हे स्वतः ठरवायचं असतं, आईबापांनी परस्पर ठरवायचं नसतं. आणि हे पोर अजून ठरवायला तयार नव्हतं. आंटी त्याबद्दल वरवर बेफिकीर होत्या.

मी विचारलं, “आंटी, समजा, हजार वर्षांनी तो आला. तुमचे लोक त्याला ओळखतील?”

“काही ओळखतील.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे भांडतील. दर वेळी भांडलेत.”

“पण दर वेळी भांडणात पुढे होते ते पुरोहित आणि मुल्ला. तुमच्याकडे तर पुरोहितच नाहीत. मग भांडायला उरणार कोण?”

आंटींनी माझ्याकडे असं बघितलं, की हिला एवढंही कळू नये. “माणसं उरतील की गं,” त्या म्हणाल्या, आणि आतल्या खोलीतल्या नातवाला हाक मारून त्यांनी विचारलं, की परवाच्या सभेला तो येणार आहे की नाही, म्हणजे तशी त्यांना खुर्ची ठेवायला बरी.